साध्या दिवसांचे फोटो कोण काढणार?

आखातातल्या मराठी घरांमध्ये फोटोंना तोटा नाही. गणपतीची आरास, हळदीकुंकवाला नेसलेल्या पैठण्या, दिवाळी पहाटेचा कार्यक्रम, मुलांचे वाढदिवस, भारतातून आलेल्या आईवडिलांना बाब अल बहरीनसमोर उभं करून काढलेला फोटो, हे सगळं फोनमध्ये भरलेलं असतं. नसतो तो साधा मंगळवार. पहाटे साडेपाचला उठून दोन डबे भरणारी बाई, कंपनीच्या बसची वाट पाहत इमारतीच्या सावलीला उभे राहिलेले चौघं, कोल्ड स्टोअरच्या उधारीच्या वहीत दूध-खबूस मांडून घेणारा शेजारी, इथे रात्रीचे नऊ आणि गावाकडे साडेअकरा वाजलेले असताना आईशी व्हिडिओ कॉलवर हळू आवाजात बोलणारा मुलगा. यातलं काही आपण टिपून ठेवत नाही, कारण ते रोजचंच असतं.

झिंज हा मनामाच्या दक्षिण अंगाचा, सलमानियाला लागून असलेला भाग. इथे किंवा आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींत एखादा तरी असा असतो की कार्यक्रम कुठलाही असो, कॅमेरा त्याच्याच गळ्यात. हा लेख त्या माणसासाठी, त्या बाईसाठी आहे. माझं सांगणं एवढंच आहे: कार्यक्रमांचे फोटो काढायला पुष्कळ हात आहेत, तुम्ही आपल्या माणसांच्या साध्या दिवसांकडे वळा, आणि ते काम नीट, रीतसर, नावनिशीवार करा.

घाई करण्याचं कारणही आहे. बहरीनमधलं आपलं वास्तव्य नोकरीशी आणि व्हिसाशी बांधलेलं. करार संपला की बिऱ्हाड उठतं. वीस वर्षं एका फ्लॅटमध्ये काढलेलं कुटुंब आठवड्याभरात सामान विकून, उरलेलं कार्टनमध्ये बांधून निघून जातं. मुलं इंडियन स्कूलमधून बारावी झाली की पुण्याला, मुंबईला नाहीतर आणखी लांब जातात. त्या घरी नवीन भाडेकरू येतो आणि जुन्यांची एकही खूण मागे राहत नाही. गावात निदान वाडा पडला तरी जोतं राहतं. इथे तेही नाही.

भारताशी बहरीनचं नातं मात्र जुनं आहे. १९६५ मध्ये बहरीनचा दिनार येईपर्यंत इथल्या बाजारात रुपयाच चालत होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. मोत्यांचा व्यापार मुंबईशी बांधलेला होता. इंडियन क्लब १९१५ चा. सिंधमधल्या ठट्ट्याहून आलेल्या व्यापाऱ्यांचं मनामातलं श्रीनाथजीचं मंदिर सुमारे दोनशे वर्षांचं. हे सगळं कागदोपत्री सापडतं. पण तेव्हा पेढीवरच्या कारकुनाच्या खोलीत चूल कुठे होती, तो अंघोळीचं पाणी कुठून आणायचा, सुट्टीच्या दिवशी कुणाकडे जायचा, हे कागद सांगत नाहीत. पन्नास वर्षांनी आपल्याबद्दल हेच प्रश्न कुणीतरी विचारणार आहे.

सुरुवात घरातूनच

या कामाचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईतलं आहे. सूनी तारापोरवाला यांचं नाव आपल्याला 'सलाम बॉम्बे'च्या पटकथेमुळे ठाऊक असतं. अमेरिकेत शिकत असताना, १९७७ मध्ये, खोलीतल्या मैत्रिणीकडून पैसे उसने घेऊन त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. मुंबईत आल्यावर तो रोखला तो घरच्यांवर: आजीआजोबा, काका, नातलग, ओळखीपाळखीची पारशी माणसं. छायाचित्रकार रघुवीर सिंग यांनी ते फोटो पाहिले आणि पारशी समाजावर पुस्तक कर, असं सुचवलं. ते पुस्तक निघालं २००० साली, आणि तेही तारापोरवालांनी स्वतः छापलं. मधली वीसेक वर्षं त्या एकाच समाजाचे फोटो काढत राहिल्या.

२००१ च्या जनगणनेत भारतात पारशी होते ६९,६०१ आणि २०११ च्या जनगणनेत ५७,२६४. आकडा किती माणसं उरली ते सांगतो. जी गेली ती खुर्चीत कशी रेलून बसायची, पलंगाशेजारच्या भिंतीवर कुणाची तसबीर होती, नातवाचा हात कसा धरायची, हे त्या फोटोंतच राहिलं आहे.

यातून घ्यायचं ते हे, की सुरुवातीला मोठा विषय शोधू नका. 'आखातातील मराठी माणूस' असं शीर्षक मनात धरलंत तर फोटोही भाषणासारखे येतील. आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू करा. मग शेजारचं दार, मग इमारत, मग रस्ता.

घरातली एक सकाळ कशी टिपायची ते जरा सविस्तर सांगते. डबा भरणं हाच विषय घ्या. पहिला फोटो दारातून, सगळं स्वयंपाकघर दिसेल असा: गॅस, सिंक, खिडकीला लावलेला कागद, फ्रीजवर चिकटवलेलं शाळेचं वेळापत्रक आणि शेजारी कालनिर्णय. दुसरा कमरेपासून वर, काम करणारी व्यक्ती आणि ओटा दोन्ही येतील असा. तिसरा नुसत्या हातांचा: पोळीला तूप लावताना, डब्याची कडी दाबताना. चौथा नुसत्या वस्तूंचा. गावाहून आणलेला गोडा मसाला कशात ठेवलाय? जुन्या हॉर्लिक्सच्या बरणीत की बहरीनमध्ये घेतलेल्या खजुराच्या डब्यात? ही माहिती फार मोलाची असते. पाचवा चेहऱ्याचा, पण काम चालू असताना. कॅमेऱ्याकडे बघायला सांगू नका. सहावा डबा घेऊन जाणाऱ्याचा, दारातल्या चपलांसकट. सातवा सगळे गेल्यानंतरच्या ओट्याचा, नाहीतर मागे राहिलेल्या बाईने शांतपणे घेतलेल्या पहिल्या चहाचा. हा सातवा फोटो बहुतेक जण काढत नाहीत. कॅमेरा बंद करून निघून जातात. थांबत जा. काम संपल्यावर माणूस जसा दिसतो, तसा तो एरवी कधी दिसत नाही.

असे सात फोटो आणि त्यांच्या नोंदी मिळून एका घराची एक सकाळ होते. वर्षभरात अशा दहाबारा घरांच्या सकाळी जमल्या तर मंडळाच्या पंचवीस वर्षांच्या स्मरणिकांपेक्षा जास्त काही हाती लागेल, असं मी ठामपणे म्हणते.

कोण राहून जातं

महाराष्ट्र कल्चरल सोसायटीसारख्या मंडळाच्या कार्यक्रमांना जे येतात तेवढेच मराठी, असं धरून चाललात तर नोंद सुरुवातीपासूनच तोकडी होईल. आखातात मराठी मुलखातून जे जुने लोक आले त्यांत रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते. खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन, मुरूड या भागांत आखाताच्या पैशावर उभी राहिलेली घरं आजही दिसतात. त्यांच्या घरात बोलली जाणारी कोकणी बोली, सांदणं, तांदळाची भाकरी, रमजानात संध्याकाळी मांडलेला दस्तरखान हे सगळं आपल्या नोंदीत असायला हवं. १४ एप्रिलला फ्लॅटमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणारं बौद्ध कुटुंब, वसईचे किंवा सिंधुदुर्गातले ख्रिस्ती, खानदेशातला वेल्डर, सोलापूरची नर्स, सांगलीचा क्रेन ऑपरेटर, हेही त्यात हवेत. बहरीनमध्ये आपण सगळेच अल्पसंख्य. त्यातही काही जण मंडळाच्या फोटोत कधीच येत नाहीत. कुणाला वर्गणी परवडत नाही, कुणाची ड्युटी शुक्रवारीही असते, कुणाला बोलावणंच जात नाही. तुमच्या यादीत पहिली नावं त्यांची घाला.

इथे सुधारक ओलवे यांचं काम आठवावं. अकोल्याहून मुंबईत येऊन वृत्तछायाचित्रकार झालेल्या ओलव्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. हे कामगार मुख्यतः दलित समाजातले. गटारात उतरलेली, कचऱ्याच्या गाडीत उभी असलेली माणसं त्या फोटोंत आहेत आणि त्यांची घरं, बायकामुलंही आहेत. मुंबईकर रोज ज्यांच्या शेजारून नाक दाबून जात होता, त्यांच्याकडे त्याला बघावं लागलं. २०१६ मध्ये ओलव्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या कामातली ही गोष्ट आपल्या कामी येते. माणसाचा नुसता कामाच्या कपड्यातला फोटो काढला तर तो फक्त कपडा उरतो. निळ्या डांगरीतले वीस जण बसमधून उतरताना टिपले की 'कामगार' दिसतात. त्यांतलाच एक जण शुक्रवारी दुपारी खोलीत बनियनवर बसून हमूर साफ करतोय, दुसरा कांदा चिरतोय, तिसरा मुलीचा गणिताचा पेपर फोनवर समजावून सांगतोय, हे टिपलं की माणसं दिसू लागतात. दोन्ही फोटो हवेत, आणि शक्यतो एकाच माणसाचे.

विचारण्याची रीत

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण या कामातलं भलंबुरं इथेच ठरतं.

फोटो काढायला मिळालेली परवानगी वेगळी आणि तो लोकांना दाखवायला मिळालेली परवानगी वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या विचारायच्या. आधी साध्या शब्दांत: "काकू, डबा भरतानाचे दोनचार फोटो काढू का? आवडले नाहीत तर सांगा, तुमच्यासमोर पुसते." नंतर, फोटो दाखवून झाल्यावर: "हा मंडळाच्या प्रदर्शनात लावला तर चालेल? नाव घालू की नको? फेसबुकवर गेला तर?" तिन्हींना उत्तरं वेगळी येऊ शकतात. जी येतील ती वहीत लिहून ठेवायची, तारखेसकट. आज हो म्हटलेला माणूस सहा महिन्यांनी नाही म्हणाला तर फोटो काढून घ्यायचा, कारण विचारत बसायचं नाही.

बेड-स्पेसवर किंवा लेबर कॅम्पमध्ये राहणाऱ्यांच्या बाबतीत जास्त जपा. एका खोलीत सहा जण असतील तर सहाही जणांना विचारायला हवं. ज्याने बोलावलं त्याचा होकार बाकीच्यांना लागू होत नाही. दोन मजली लोखंडी पलंग, दोरीवर वाळत घातलेले कपडे, खाटेखाली ढकललेली बॅग, याचा फोटो तुम्हाला प्रामाणिक वाटेल. पण त्या माणसाने गावी बायकोला 'इथे ठीक आहे, काळजी करू नको' एवढंच सांगितलेलं असतं. तुमचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत पोचला तर त्याने इतकी वर्षं सांभाळलेली लाज तुम्ही चव्हाट्यावर मांडलीत असं होईल. म्हणून आधी विचारा, "दादा, घरच्यांनी हा बघितला तर चालेल ना?" काही जण म्हणतील, बघू दे एकदा. काही जण मान हलवतील. दोघांचंही ऐका.

शर्टावर कंपनीचं नाव असेल तर ते दिसू द्यायचं की नाही, हे तो माणूस ठरवेल. नोकरी त्याची आहे. कुणाच्या घरी काम करणाऱ्या बाईचा फोटो मालकाच्या घरात काढू नका. तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिला हव्या त्या ठिकाणी काढा. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारूनच, आणि शाळेचं नाव, बसचा नंबर, घराची पाटी त्यात न येईल असे. फोटो टाकताना ठिकाणाची नोंद बंद ठेवा, आणि त्याच दिवशी टाकू नका.

मग यजमान देशाची रीत. झिंजमध्ये आपण बहरीनी कुटुंबांच्या शेजारात राहतो. रस्त्यावरच्या फोटोत अनोळखी बहरीनी स्त्रिया येत असतील तर कॅमेरा खाली करा. मशीद, मातम, मुहर्रमची मिरवणूक, शोकसभा, इथे कुणातरी जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय काही टिपू नका. सरकारी इमारती, पोलीस, लष्कर, विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही. परवान्याशिवाय ड्रोन उडवायचा नाही. माणसांच्या माहितीच्या रक्षणाबाबत बहरीनचा २०१८ चा ३० क्रमांकाचा कायदा १ ऑगस्ट २०१९ पासून लागू आहे. तुमच्या वहीत लोकांची नावं, गावं, फोन नंबर जमा होणार, तेव्हा ती वही कुलपात राहील आणि फोन नंबर फोटोंच्या नोंदीपासून वेगळे राहतील याची काळजी घ्या. सीपीआरचा नंबर कुणाकडूनही मागू नका. या कामाला त्याची गरज नसते.

परवानगीचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फोटो परत नेऊन देणं. पहिल्या भेटीत काढलेल्या फोटोची छोटी छापील प्रत घेऊन दुसऱ्यांदा जा. फोनवर पाठवलेला फोटो खाली सरकून जातो. हातात दिलेला आरशाच्या कडेला खोचला जातो, गावी पाठवला जातो. त्यानंतर खोलीतले लोक स्वतःहून म्हणतात, माझाही काढा.

कॅमेरा आणि हवा

यंत्राबद्दल थोडक्यात. फोन चालतो. काच रुमालाने पुसून घ्या, चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी सोय बंद करा, बोटांनी झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. कॅमेरा असेल तर एकच साधी लेन्स पुरते. खोल्या लहान असतात म्हणून पस्तीस मिलिमीटरच्या आसपासची बरी. फ्लॅश टाळा. ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवा, कारण बहरीनमध्ये वीज आपल्यासारखीच पन्नास हर्ट्‌झची आहे.

बहरीनच्या दमटपणाचा त्रास मात्र ओळखून असावं. एसीच्या खोलीतून जुलैच्या बाहेरच्या हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर क्षणात वाफ धरते, आणि पुसली तरी पुन्हा धरते. निघण्याआधी कॅमेरा घट्ट बंद केलेल्या पिशवीत घालून बाहेर ठेवा, वीसपंचवीस मिनिटांनी पिशवी उघडा. धुळीच्या दिवशी लेन्स बदलू नका. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर काम करा. भर दुपारी उघड्यावर मजुरांनाही काम करायला बंदी असते. तेव्हा तुम्हीही कुणाला फोटोसाठी उन्हात उभं करू नका. ती वेळ घरातल्या, खिडकीजवळच्या फोटोंना द्यावी. जाड पडद्याची एक बाजू थोडी सारली की जो उजेड आत येतो तो चेहऱ्यासाठी उत्तम.

फोटोमागचं लिखाण

नोंदीशिवाय फोटो वीस वर्षांत मुका होतो. आपल्या आजोळच्या ट्रंकेत असे किती फोटो असतात, ज्यांतल्या टोपीवाल्या माणसाला ओळखणारं आता कुणी नसतं! म्हणून जितका वेळ फोटोला, तितकाच नोंदीला द्यायचा. कोण, मूळ गाव आणि तालुका, बहरीनमध्ये कधीपासून, कुठे, कधी, काय चाललंय, आणि त्या माणसाचं स्वतःचं एखादं वाक्य त्याच्याच बोलीत. नमुना असा:

"(पूर्ण नाव), मूळ तालुका संगमेश्वर. बहरीनमध्ये २००९ पासून, एसी दुरुस्तीचं काम. झिंज, स्वतःच्या खोलीत, शुक्रवार सकाळ. आठवड्याचे कपडे इस्त्री करताना. इस्त्री आधीच्या खोलीसोबत्याने जाताना दिली. 'रविवारी कामावर जाताना कॉलर कडक लागते मला, आईने लावलेली सवय.' दाखवण्यास होकार, नावासह, फेसबुकवर नको."

एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. 'कष्टकरी बांधव' किंवा 'परदेशातही जपली संस्कृती' असलं काही लिहू नका. त्यातून पुढच्या माणसाला काही कळत नाही. पत्ता लिहिताना इथल्या पद्धतीप्रमाणे इमारत, रस्ता आणि ब्लॉक हे आकडे तुमच्या खाजगी वहीत लिहा, बाहेर दाखवायच्या नोंदीत नुसतं 'झिंज' पुरे. नाव देवनागरीत लिहा आणि पासपोर्टवर जसं आहे तसंही लिहा, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला सापडेल. फोनवर दोनतीन मिनिटांचा आवाजही टिपा.

फोटोसोबत माणसाचं बोलणं ठेवलं की काय होतं, हे बहरीननेच जगाला दाखवलं आहे. २०१० मध्ये व्हेनिसच्या वास्तुकलेच्या प्रदर्शनात बहरीनच्या दालनात मासेमारांनी किनाऱ्यावर उभारलेल्या फळकुटांच्या झोपड्या उचलून नेऊन मांडल्या होत्या. सोबत मासेमारांच्या मुलाखती होत्या आणि मूळचे लेबनॉनचे पण बहरीनमध्ये राहणारे छायाचित्रकार कमील झखारिया यांनी काढलेले किनाऱ्याचे फोटो. मोठमोठ्या देशांच्या दालनांना मागे टाकून त्या वर्षीचा सुवर्णसिंह बहरीनला मिळाला. चहा पिण्यासाठी, जाळी ठेवण्यासाठी जिथे जे सापडलं त्यातून बांधलेल्या त्या झोपड्या. भराव टाकून समुद्र मागे सरकत असताना आपला किनारा कसा होता, हे मासेमार सांगत होते. आपल्याकडच्या इस्त्रीच्या टेबलाला आणि उधारीच्या वहीला तेवढीच किंमत आहे, असं मला मनापासून वाटतं.

फोटो काढणाऱ्याचं नावही नोंदीत हवंच. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावावर छापले जात. मंडळासाठी काढलेल्या फोटोंवर हक्क कुणाचा, ते छापताना नाव कुणाचं जाणार, पैसे मिळाले तर कुणाचे, हे काम सुरू करण्याआधी बसून ठरवा आणि कागदावर घ्या. मैत्रीत बोलायला अवघड वाटतं, पण न बोलल्याने पुढे जे होतं ते जास्त अवघड असतं.

सांभाळणं आणि सोपवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला म्हणजे जपला गेला, असं समजू नका. तिथे फोटो दाबून लहान होतो आणि तारीख-वेळेची आतली नोंदही गळून पडते. मूळ फाइल ठेवा. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग ठिकाण लिहिलं तर सगळं आपोआप क्रमाने लागतं. प्रती तीन: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक बहरीनबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा महाराष्ट्रातल्या विश्वासू नातलगाकडे. छापील प्रतीवर बॉलपेनने लिहू नका. मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, कडेला लिहा.

सुट्टीत गावी गेलात की आणखी एक काम करता येईल. सत्तर-ऐंशीच्या दशकात आखातात गेलेल्या पिढीचे अल्बम कोकणातल्या घरांमध्ये पडून आहेत. पावसाळी दमटपणाने ते दरवर्षी थोडे थोडे जातात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, फाटेल. आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, मग दात साफ करायचा पातळ दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत तो सोडवा. सुटत नसेल तर तसाच राहू द्या. स्कॅन सहाशे डीपीआयवर करा आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, 'सौ.स पाठवावा' असं काही तिथेच लिहिलेलं असतं. आणि स्कॅन करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. "चाचा, हा कोण? ही गाडी कुणाची?" असं विचारत जा आणि फोनवर आवाज टिपत राहा. एका फोटोवरून अर्धा तास बोलणं निघतं.

प्रदर्शन भरवायचं तर गणेशोत्सवाच्या दिवसांत, जिथे लोक आधीच जमणार आहेत तिथे भरवा; मात्र फोटो साध्या दिवसांचेच लावा. तीसचाळीस पुरे. नोंदी मराठीत आणि इंग्रजीत, आणि कुणाकडून करून घेता आल्या तर अरबीतही, म्हणजे इमारतीचा बहरीनी मालक आला तरी त्याला वाचता येईल. ज्यांचे फोटो आहेत त्यांना आदल्या दिवशी एकट्यांना बोलावून दाखवा. ज्यांची ड्युटी असते त्यांच्यासाठी रात्री उशिरापर्यंत हॉल उघडा ठेवा.

शेवटी तुमच्या स्वतःच्या व्हिसाचा विचार. करार तुमचाही संपणार आहे. म्हणून पहिल्याच वर्षी एक जोडीदार तयार करा, शक्यतो वयाने लहान आणि शक्यतो मुलगी, कारण बायकांच्या स्वयंपाकघरात आणि नर्सेसच्या खोल्यांत तिला सहज जाता येतं. तिला सोबत न्या, माणसांशी ओळख करून द्या, नोंदी तिच्याकडून लिहून घ्या. जायची तारीख ठरली की सगळे शुक्रवार तिच्याबरोबर बसा, एकेक फोल्डर उघडा, आणि ज्या चेहऱ्यासमोर अजून नाव नाही तिथे ताबडतोब फोन लावून विचारा. डिस्क, होकारांची वही आणि किल्ल्या तिच्या हाती द्या. तुमच्या घरातला ओटा, तुमचा डबा, तुम्ही बसायचात ती खुर्ची, हे फोटो तिने काढलेत ना, ते सामान बांधायला घेण्याआधी तपासा.